डावा आरसा

"मॅडम, माझ्या हातून गाडी लागली. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावायचं धाडस होत नाही. मी गाडी चालवायच्या लायकीचीच नाही का?" शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यातली एक हकीकत सांगते, अर्थात परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा बदलून.

चाळिशीच्या बाई. अकरा वर्षं गाडी चालवत होत्या. पार्किंगमधून रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांच्या उभ्या स्कूटरला धक्का लागला, ती आडवी झाली, इंडिकेटर फुटला. एवढंच. पण दोन मिनिटांपूर्वी त्याच जागी एक लहान मुलगा खेळत होता. "तो तिथेच असता तर?" या विचाराने त्यांची झोप उडाली. पाच महिने किल्ली ड्रॉवरमध्ये पडून होती. घरचे म्हणायचे, "एवढंसं काय मनाला लावून घेतेस!"

म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने माणूस आणखी एकटा पडतो. भीती असतेच, वर भीती वाटते याची लाजही वाटू लागते. मी त्यांना म्हटलं, "मुलगा असता तर फार वाईट झालं असतं, हे खरं आहे. त्यावरून मी तुमची समजूत घालणार नाही. आपण फक्त ते काही सेकंद सावकाश बघू या."

उशीर झाला होता. "पाच मिनिटांत पोचते," असं फोनवर सांगून बसल्या होत्या. उजवा आरसा पाहिला. मान वळवून मागे पाहिलं नाही. डावा आरसा? आठवेना.

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे इथे सांगायला हवं. ताशी ५ किलोमीटर म्हणजे रांगता वेग, तरी त्यात गाडी सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर मागे जाते. आणि मागच्या काचेच्या खालचा, गाडीला लागून असलेला भाग आतून दिसत नाही. लहान मूल त्यात सहज झाकलं जातं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाची कृती आणि अख्खा माणूस यांना एकाच मापाने मोजत नाहीत. "त्या सकाळी मी घाई केली" हे वाक्य घेऊन काहीतरी करता येतं. "मी बेजबाबदार बाई आहे" हे घेऊन काय करणार? बाई पाच महिने यातलं दुसरं वाक्यच घोकत होत्या. गाडी न चालवणं ही त्यांना सावधगिरी वाटत होती. मला ती त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा वाटली, कारण तिने एकही मूल सुरक्षित झालं नव्हतं. शिवाय टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच भीती मुरत जाते.

म्हणून पहिली पायरी अगदी छोटी ठेवली: इंजिन बंद, फक्त ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ती थोडी उतरेपर्यंत खाली उतरायचं नाही. सुरुवातीला पंच्याऐंशी होते, पाऊण तासाने चाळीस.

पुढच्या भेटीत त्या आल्या त्या हेच सांगत, "डाव्या आरशात मला वरच्या मजल्याची गॅलरी दिसत होती! तो यांच्या उंचीला लावलेला आहे. मी तो कधी हलवलाच नव्हता." मग जरा थांबून, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"होती. आरसा लावून घेणं चालवणाऱ्याचंच काम."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. पाच महिने विचार करून जे हाती लागलं नव्हतं, ते गाडीत पाऊण तास बसून लागलं होतं.

पुढच्या पायऱ्या भराभर झाल्या. रिकाम्या जागेत पुढे-मागे, मग घराभोवती एक फेरी, मग नेहमीचा रस्ता. एक काम मात्र रेंगाळलं. स्कूटरचे पैसे नवऱ्याने दिले होते; बाई त्या शेजाऱ्यांसमोर येणं टाळत होत्या. गाडीपेक्षा ते दार अवघड गेलं. शेवटी गेल्या, "चूक माझी होती," एवढं बोलून आल्या. ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हीच रागावलात."

सगळ्यांचं असं सुरळीत होत नाही. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, दचकून जाग येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. पायऱ्या एकट्याने चढायचा हट्ट नको.

बाई आता चालवतात. निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारतात, आरसे लावून घेतात, फोन मागच्या सीटवर टाकतात. कुणी "किती वेळात येतेस?" विचारलं तर म्हणतात, "निघाले की कळवते."