मसाई मारात सिंह दिसेल, पण फोटोत भाव कसा येईल?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पहिल्यांदा जाताय ना? मोठ्या लेन्सची चिंता सोडा, १००-४०० मिमीची लेन्स पुरते. गडबड होते ती वेगळीच. जीपच्या उघड्या छतातून उभं राहून काढलेल्या फोटोत सिंहाची पाठच जास्त दिसते. काच खाली करा, खिडकीवर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांनी भरलेली पिशवी) टाका आणि बसून काढा. पिशवी इथून रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा. (कापडीच न्या; केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.) चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते.

फोकस जवळच्या डोळ्यावर. बसलेल्या सिंहाला १/५०० सेकंद शटर स्पीड चालतो, धावत्या चित्त्याला १/२००० तरी हवाच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर, ३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. नॉइज (फोटोतले बारीक दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नाही.

झोपलेली सिंहीण एकामागून एक जांभया द्यायला लागली, की बहुतेकदा ती उठणार असते. तेव्हा गाडी हलवू नका. तोंड पूर्ण उघडायच्या आधीच, ओठ मागे सरकताना, बर्स्ट (एका दमात सलग फोटो) सुरू करा. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते. लांबचे फोटो धूसर आले तर लेन्सला शिव्या घालू नका.