15 लिटरचा गीझर खालून गळतोय. नवीन घेताना काय बघावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: 15 लिटरचा टाकीवाला गीझर सहा वर्षांत खालून ठिबकायला लागला, घरात चार माणसं आहेत, चौथ्याच्या वाट्याला कोमट पाणी येतं आणि नळांच्या तोंडाशी पांढरे डाग पडतात. आता पुन्हा तसाच घ्यावा, मोठा घ्यावा, इन्स्टंट घ्यावा की गॅस-सोलरकडे वळावं, असा घोळ आहे. इमारतींच्या देखभालीचं काम करत असल्यामुळे गीझर उतरवणं आणि चढवणं माझ्यासाठी रोजचंच आहे. त्यामुळे दुकानात जायच्या आधीचं सांगतो. जुना गीझर भंगारात द्यायची घाई करू नका. तुमच्या घरचं पाणी, प्रेशर आणि वायरिंग कसं आहे, हे त्याच्याइतकं कुठलंही माहितीपत्रक सांगणार नाही.

पहिली गोष्ट, पाणी नक्की कुठून येतंय ते बघा. गार पाण्याच्या जोडापाशी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असतानाच तिथून थेंब पडत असतील, तर बहुतेक वेळा ती गळती नसतेच. 20 अंशांचं पाणी 60 वर गेलं की दीड टक्क्याच्या आसपास फुगतं. म्हणजे 15 लिटरमागे पाव लिटरला थोडं कमी. ते जादा पाणी कुठून तरी बाहेर पडायलाच हवं. काही महाभाग त्या तोंडाला टेप गुंडाळतात किंवा बूच मारतात. तसं कधीही करू नका, बंद टाकीत दाब वाढून ती फुटू शकते. गीझर थंड असतानाही व्हॉल्व्ह गळतच असेल, तर एकतर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनला प्रेशर जास्त आहे.

खालच्या झाकणाच्या आतून, फ्लँजपाशी (पाणी तापवणारी कॉइल ज्या गोल चकतीवर बसवलेली असते तिथे) ओल असेल तर गॅस्केट, म्हणजे तिथली सील करणारी रबरी चकती, गेलं असण्याची शक्यता मोठी. तेवढं बदलून गीझर आणखी चालतो. कॉइल आणि थर्मोस्टॅटही (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग) बदलता येतात. पण बाहेरच्या पत्र्याच्या शिवणीतून तांबूस पाणी झिरपत असेल, तर आतली टाकी सडली आहे. तिला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

टाकी गेलीच असेल, तर फिटरला सांगा की फ्लँज उघडून कॉइल माझ्यासमोर बाहेर काढ. मेन स्विच बंद करून, पाणी काढून मगच. क्षाराच्या पाण्यावर चाललेल्या गीझरची कॉइल ओळखू येत नाही. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा-पिवळट थर बसलेला असतो आणि टाकीच्या तळातून खपल्यांचा मूठभर चुरा पडतो. शेजारी अ‍ॅनोड रॉड असतो. नवा असताना तो मॅग्नेशियमचा जाड दांडा असतो, आणि टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजायचं एवढंच त्याचं काम. जुन्या गीझरमध्ये कित्येकदा त्याच्या जागी नुसती मधली तार उरलेली दिसते. तार दिसली म्हणजे टाकी बरेच दिवस संरक्षणाविना होती आणि गळती त्यामुळेच झाली, असं समजायला हरकत नाही. हा रॉड सुरुवातीला वर्षातून एकदा बघायचा, आणि झीज किती वेगाने होते ते कळलं की मग किती दिवसांनी बघायचं ते ठरवायचं. गीझरच्या किमतीच्या मानाने रॉड अगदीच किरकोळ. तरीही तो कोणी बदलत नाही, कारण विकताना त्याबद्दल कोणी बोलत नाही.

‘क्षार बसला की वीजबिल दुप्पट होतं’ असं सर्रास ऐकू येतं. विजेच्या गीझरच्या बाबतीत हे खरं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. तोटा होतो तो कॉइलचा: थराखाली ती प्रमाणाबाहेर तापते आणि जळते. शिवाय तळाशी साचलेला चुरा टाकीतली जागा खातो, चौथ्याला पाणी कमी पडण्यात त्याचाही थोडा हात असतो.

तुमच्याकडे नळांवर डाग आहेत म्हणजे पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, आणि त्यावर टाकीची निवड ठरते. अशा पाण्यासाठी मी आतून काचेसारखा इनॅमल लेप असलेली टाकी, जाड अ‍ॅनोड आणि सहज उघडता येणारी फ्लँज असलेला गीझर निवडीन. स्टेनलेस स्टील ऐकायला भारी वाटतं, पण पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर त्यालाही, विशेषतः वेल्डिंगच्या जागी, बारीक भोकं पडतात. टाकीची वॉरंटी किती वर्षं ते बघताना अ‍ॅनोडबद्दलची अट वाचा. रॉड वेळेवर न बदलल्यास वॉरंटी बाद, असं बारीक अक्षरात लिहिलेलं अनेकदा आढळतं.

आता आकाराचं गणित. आंघोळीचं पाणी साधारण 40 अंशांचं लागतं. टाकीत 60 अंशांचं आणि नळाला 20 अंशांचं असेल, तर निम्मं गरम आणि निम्मं गार. बादलीने आंघोळ असेल तर माणशी 18 लिटर धरा, म्हणजे गीझरमधून 9 लिटर आणि चौघांचे 36. शॉवर मिनिटाला 8 लिटर सोडत असेल, तर सहा मिनिटांत 48 लिटर जातात, त्यातले 24 गीझरचे. म्हणजे एकाच शॉवरमध्ये 25 लिटरची टाकी संपली. टाकी सगळीच्या सगळी हाताशी लागतही नाही, कारण गरम पाणी वरून निघतं तसं गार पाणी खालून आत येतं. 2 किलोवॅटची कॉइल 25 लिटर पाणी 20 वरून 60 वर न्यायला 35 मिनिटं घेते आणि त्यात 1.16 युनिट जातात. चौघं बादलीवाले, एकामागून एक, प्रत्येकी दहा मिनिटं असतील, तर मधल्या वेळात पाणी तापत राहतं आणि 25 लिटर आरामात पुरतात. 15 मध्ये काठावर निभतं, आणि नळाचं पाणी आणखी गार झालं की निभत नाही. तुमचं नेमकं तेच होतंय. सगळे शॉवरवाले असतील तर 50 चा विचार करा.

इन्स्टंटबद्दल गैरसमज फार आहेत. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला जेमतेम 2 लिटर पाणी 20 अंशांनी तापवू शकतो. नळ पूर्ण सोडलात की कोमट पाणीच येणार, कारण तिथे साठा जवळपास नाहीच. भांडी घासायच्या सिंकला किंवा हात धुवायला तो उत्तम, चौघांच्या आंघोळीला नाही.

गॅस गीझर झटपट आहे आणि पाणीही भरपूर देतो. पण बंद न्हाणीघरात तो लावायचा नाही. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखून गरगरायला लागतं, आणि माणूस आतून कडी लावून बसलेला असतो. ‘खिडकी उघडी ठेवू’ यावर विसंबू नका. गीझर बाहेर मोकळ्या हवेत आणि पाइप आत, एवढीच पद्धत मला मान्य आहे. त्यातही पाण्याच्या धारेला जोर नसेल तर तो पेटतच नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे हमखास तपासा.

सोलर तुमच्या छतावर बसत असेल तर चांगलाच, मात्र पाइपाची लांबी मोजा. अर्ध्या इंची पाइपाच्या 20 मीटरमध्ये साडेतीन लिटर पाणी मावतं. रोज पहाटे तेवढं गार पाणी आधी वाहून जाणार, ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय ठेवावी लागणार, आणि जड पाण्यात नळ्यांमध्येही क्षार साठणार. हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांएवढी उष्णता देतो, पण त्याला मोठी टाकी, मोकळी हवा आणि सावकाश तापण्याची मुभा लागते. न्हाणीघरातल्या भिंतीवरच्या छोट्या गीझरची जागा तो घेऊ शकत नाही.

ऊर्जा लेबलवरच्या ताऱ्यांमागे किती धावायचं, हे तुमच्या सवयीवर आहे. पाणी नुसतं गरम ठेवण्यात दिवसाला किती वीज जाते, हे त्या लेबलातून कळतं. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्यांनी जास्त ताऱ्यांचाच घ्यावा. आंघोळीआधी अर्धा तास लावून नंतर बंद करणाऱ्यांना त्याने फारसा फरक पडत नाही, त्यांनी तेच पैसे चांगल्या टाकीवर घालावेत. थर्मोस्टॅट 60 च्या आसपास ठेवा. 75 वर नेलात की क्षार झपाट्याने बसतो, आणि फार खाली ठेवून पाणी कोमट साठवलं तर त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढायला वाव मिळतो. घरात लहान मूल असेल तर आधी गार नळ सोडायची सवय लावा, 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

बसवायच्या दिवशी जुन्या प्लगच्या पिना बघा. काळवंडल्या असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक वितळलं असेल, तर तिथला जोड सैल आहे आणि नवा गीझरही त्याच दुखण्याने जाईल. 2 किलोवॅटला 9 अँपिअरच्या आतबाहेर करंट लागतो, 3 ला 13. म्हणजे 16 अँपिअरचं सॉकेट, त्याला साजेशी वायर, नीट अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. भरलेला 25 लिटरचा गीझर 35 किलोच्या घरात जातो, पोकळ विटांच्या भिंतीत नेहमीचे बोल्ट पुरत नाहीत. इमारत उंच असेल तर प्रेशरही विचारा: दर 10 मीटर उंचीला 1 बार (बार हे दाबाचं माप). गीझरवर 8 बार लिहिलेलं असलं, तरी वरून प्रेशर पंप जोडलेला असेल तर त्याचा आकडा यात धरायचा.

आणि पहिल्यांदा सुरू करताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरू द्या. नळातून फसफस थांबून सलग धार आली की मग बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटाभरातही जळू शकते. तुमच्याकडे शॉवर आहे की बादली, आणि गच्चीवरची टाकी किती मजले वर आहे, हे कळवलंत तर 25 की 50 ते नेमकं सांगतो.