सापाच्या पेटीला पॉलिश कोणतं?

प्रश्न : बॉल पायथनसाठी ४ × २ × २ फुटांची प्लायची पेटी केली, पुढून काच. सुतार म्हणतो, आतून मेलामाइन मारू. चालेल?

उत्तर : बिलकूल नको. मेलामाइन ॲसिडच्या हार्डनरने कडक होतं आणि त्यातून पुढेही बरेच दिवस फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटत राहतो. कपाटाचं दार उघडतं, हवा खेळते. साप मात्र चोवीस तास त्याच उबदार पेटीत असतो. पाण्यावर आधारित, एकाच डब्यातलं (वेगळा हार्डनर मिसळावा न लागणारं) पॉलियुरेथेन पॉलिश घ्या. पातळ करायला थिनर सांगितला असेल, तर तो डबा परत करा.

प्लाय १८० नंबरच्या पेपरने घासून धूळ पुसा. पहिल्या हाताला डब्यावर परवानगी असेल तेवढंच पाणी, फार तर १० टक्के. सुकल्यावर तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत लागतो. २२० ने हलका घासा आणि आणखी तीन हात मारा. आतली बाजू साधारण ३२ चौरस फूट, म्हणजे ३ चौरस मीटर. लिटरमागे १० चौरस मीटर धरलं, तर चार हातांना सव्वा लिटर पुरतं.

पेटी फुगते ती सपाट भागात नव्हे, कडांना आणि वायरच्या भोकात. तिथे कापलेला प्लाय पाणी ओढतो, म्हणून एक-दोन हात जास्त द्या. तळाच्या सांध्यांत सिलिकॉन भरायचं ते पॉलिश कडक झाल्यावरच, कारण सिलिकॉनवर पॉलिश धरत नाही. बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं सिलिकॉन टाळा.

प्रश्न : दोन तासांत हाताला सुकलं. साप कधी सोडू?

उत्तर : तीन-चार आठवड्यांनी. दोन तासांत वरचं पाणी उडतं. थर आतून घट्ट व्हायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर जास्तच. तोवर दार उघडं ठेवून पंखा लावा. मग हीटर थर्मोस्टॅटवर नेहमीच्या तापमानाला ठेवून पेटी २४ तास बंद करा. उघडल्या उघडल्या नाक आत घाला. वास आला, तर आणखी आठवडाभर थांबा. थंड पेटीचा वास घेऊन उपयोग नाही.

प्रश्न : त्यापेक्षा जवसाचं तेल बरं ना? नैसर्गिक आहे.

उत्तर : सुकायला आठवडे घेतं आणि सांडलेलं पाणी अडवत नाही. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात.

प्रश्न : देवदाराच्या फळ्या पडून आहेत. वर पॉलिश केलं तर?

उत्तर : नाही. सुगंधी तेलं लाकडातच असतात आणि हीटरच्या उबेने बाहेर येतात. वाळवीचं औषध मारलेलं जुनं लाकूडही बाद.

प्रश्न : शेतात सापडलेल्या धामणीसाठी हीच पेटी चालेल का?

उत्तर : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार धामण घरात ठेवता येत नाही. महाराष्ट्रात वनविभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.