डब्याच्या वेळचा प्रश्न

«मावशी, मी नागपूरच्या एका कार्यालयात नोकरी करते. परवा डबा खाताना मैत्रिणीनं विचारलं, "तुम्ही रविवारी चर्चमध्ये करता तरी काय?" ती बौद्ध आहे, दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते. मी "काही नाही गं, प्रार्थना" म्हणून विषय बदलला. जास्त बोलले तर धर्मांतर करायला निघाली असं वाटेल. गप्प बसले तर प्रभूला नाकारल्यासारखं होतं. रविवारी पाळकांनी साक्षीवर, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगण्यावर, उपदेश केला, तेव्हा मला मान वर करवेना. काय करू?»
— एक वाचक, सदर

अगं, तिनं तुला येशूवर विश्वास का ठेवतेस असं कुठं विचारलं? रविवारी काय करता, एवढंच विचारलं. तेवढंच सांग, पण नीट सांग. पेटी-तबल्यावर गीतं गातो. सगळे मिळून, मोठ्यानं पापांची कबुली देतो. शास्त्रपाठ होतो, उपदेश होतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस घेतो, कारण धरून दिलं त्या रात्री येशूनं माझ्या आठवणीसाठी हे करा असं सांगितलं. यातलं तुझ्या मनाला काय भिडतं, तेही सांग. मला कबुली भिडते. आठवडाभर मी सुनेशी कशी बोलले, ते त्या दोन मिनिटांत समोर उभं राहतं.

तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर तेही सांग. सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच एक झाल्या आणि हे चर्च उभं राहिलं. आपल्याच गावची ही गोष्ट आपल्याच माणसांना ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या 15व्या वचनात, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं म्हटलंय. विचारणाऱ्याला, हे विसरू नकोस. कवी नारायण वामन टिळकांना नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, प्रत नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशानं दिली. वाचलं त्यांनी स्वतः, आणि बाप्तिस्मा घेतला 1895 साली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग आल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतःच्या मनानं आल्या. घरच्या माणसालाही इतका अवधी लागतो, तर डब्याच्या मैत्रिणीला आपण कशाला घाई करावी?

दोन ठिकाणी मात्र जपून राहा. हाताखालच्या माणसाजवळ स्वतःहून हा विषय काढू नकोस. त्याला "नको" म्हणणं जड जातं. आणि कुणाच्या घरी दुखणं असेल तर "विश्वास ठेव, बरं होईल" असं कधीही म्हणू नकोस. "प्रार्थना केली तर चालेल का?" एवढं विचार, आणि हो म्हटलं तर घरी जाऊन खरंच कर.

कधी तीच उपासनेला यायचं म्हणाली तर आधी सांगून ठेव की प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं. नाहीतर बिचारी सगळ्यांबरोबर उठेल आणि अवघडेल.

उद्या डबा उघडलास की म्हण, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी टाळलं. आज सांगते." तुझं सांगून झालं की तिला विचार, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा तिच्या घरचं कुणी तिथं होतं का. मग मध्ये बोलू नकोस, तिला सांगू दे.

— तुझी मावशी