राईची उशी नको, आधी मान बघा

ताई, बाळ 31 आठवड्यांतच जन्मलेलं, आता चार महिन्यांचं, डोकं लांबुळकं आणि मागून उजवीकडे चपटं, सासूबाई डोकं गोल व्हायला राईची उशी आणायला सांगून राहिल्या, सगळं वाचलं. माझी मुलगी 30 आठवड्यांची. तिचंही असंच होतं.

वेळेआधी आलेल्या बाळाची कवटी फार मऊ आणि मानेत जोर नाही. काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे कुशीवर राहून डोकं लांबट होतं. घरी पाठीवर झोपताना मान एकाच बाजूला पडली की तेवढी जागा सपाट होते. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही.

उशी मात्र नकोच. आमच्या सासूबाईंनीही प्रेमाने शिवली होती. पण तिच्यात तोंड रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान सोडवता येत नाही, श्वास कोंडतो. झोप पाठीवरच, सपाट गादीवर. मालिशवाल्या बाईंनाही डोकं दाबून गोल करू देऊ नका.

आमची पोरगी सारखी कूलरच्या खिडकीकडे बघायची. मे महिना, पडदे ओढलेले, उजेड न् आवाज तेवढाच. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला, "झोपते तेव्हा खिडकी कोणत्या हाताला?" त्या रात्रीपासून एक दिवस डोकं उशाशी, एक दिवस पायथ्याशी. जागी असली की माझ्या छातीवर पालथी. आधी दोन मिनिटांत रडायची, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. मान दुसरीकडे वळतच नसेल तर स्नायू आखडलेला असू शकतो. व्यायाम शिकूनच करा.

आणि एकदा दाखवाच. कवटीची मधली शिवण वेळेआधी जुळली तरी डोकं असंच लांबट दिसतं. मधोमध कडक कंगोरा लागला, टाळू फुगली किंवा डोक्याचा घेर वाढेनासा झाला तर थांबू नका. सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या बालरोग विभागात जा.

डोक्याला आकार द्यायच्या हेल्मेटचं विचारलंत. नेदरलँड्सच्या 2014 च्या अभ्यासात दोन वर्षांच्या वयाला हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत फरक दिसला नाही, पण त्यात आपल्यासारखी लवकर जन्मलेली बाळं नव्हती. आम्ही घातलं नाही. घाई करू नका, ठरलेल्या तारखेपासून मोजलं तर तुमचं बाळ अजून दोनच महिन्यांचं आहे.

दर रविवारी अंघोळीनंतर, केस ओले असताना, वरून एक फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही; मला सहाव्या फोटोत दिसला.