‘आशीर्वाद’ म्हणजे ‘मान्यता’ का?

म्हापशाहून एका वाचकाने विचारलं आहे : १८ डिसेंबर २०२३ला व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांबद्दल जाहीरनामा काढला. चर्चने त्यांना ‘आशीर्वाद’ दिला असं कोणी म्हणतं, कोणी ‘मान्यता’. दोन्ही चालेल का? आणि ‘समलिंगी विवाह’ बरोबर की ‘समलैंगिक विवाह’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो. ‘समलैंगिक’ हे माणसाच्या ओढीचं विशेषण. लग्न नोंदवताना कायदा दोघांचं लिंग बघतो, ओढ विचारत नाही. म्हणून ‘समलिंगी विवाह’.

‘मान्यता’ मात्र साफ चूक. लग्न एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, ही शिकवण त्या जाहीरनाम्याने कायम ठेवली आहे. पाद्री अशा जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतो. पण त्याला ठरीव विधी नको, नागरी लग्नाच्या सोहळ्याशी तो जोडलेला नको, लग्नातले कपडे आणि शब्दही नकोत.

तरी नुसतं ‘आशीर्वाद’ लिहिलं की मराठी वाचक फसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्या लग्नपत्रिकेत ‘वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ असं छापतात. थोरांनी आशीर्वाद दिले म्हणजे लग्नाला त्यांचा होकार आहे, हे आपण न सांगता धरून चालतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात मात्र आशीर्वादाला ‘बेसांव’ म्हणतात, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. संध्याकाळी तेर्स, म्हणजे घरातली जपमाळेची प्रार्थना, झाला की मुलं थोरांकडे बेसांव मागतात. नव्या घराला बेसांव, होडीला बेसांव. देवाची कृपा असो, एवढीच ती प्रार्थना. तिच्यात कोणत्याही गोष्टीला परवानगी दिलेली नसते. व्हॅटिकनचा शब्द या जातीचा आहे. मराठीत मी ‘जोडप्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना’ असं लिहीन.

‘लग्न’ या शब्दाचीही गोव्यात फोड करावीच लागते. ‘सह्या झाल्या, लग्न पुढच्या महिन्यात’ असं आपण सहज बोलतो. सह्या होतात त्या कराराच्या, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, होतो तो कॅथलिकांचा साक्रामेंत, त्यांच्या सात संस्कारांपैकी एक. प्रोटेस्टंट पंथ साधारणपणे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच साक्रामेंत मानतात. त्यातल्याच स्वीडनच्या लुथेरन चर्चमध्ये २००९पासून समलिंगी लग्नं लागतात. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्माचा विरोध’ असं सरसकट लिहिणं मला पटत नाही. कोणत्या चर्चचा आणि कशाला, ते सांगायला हवं.

करार म्हटला तरी आपल्याकडे दार बंदच आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आणि नंतर १९१०च्या विवाह कायद्यात लग्न म्हणजे ‘भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार’. पोर्तुगालने आपला कायदा २०१०मध्ये बदलला. गोव्यात जुनीच व्याख्या उरली. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानेही समलिंगी विवाहाचा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. त्याच न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने समलिंगी संबंधांवरचा ‘गुन्हा’ हा शिक्का गेला, लग्नाचा ‘हक्क’ आला नाही. बातमी लिहिताना हे दोन शब्द कृपा करून एकमेकांच्या जागी वापरू नका.

कारण गोव्यात या हक्काला फार वजन आहे. लग्नाआधी वेगळा करारनामा केला नसेल, तर नवरा-बायको मालमत्तेत निम्मे-निम्मे मालक होतात. ज्यांचं लग्न नोंदताच येत नाही त्यांना हे मिळत नाही. मृत्युपत्र करावं, तर मुलं किंवा आईवडील असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच हिश्शाचं काय करायचं ते स्वतः ठरवता येतं. वर्षानुवर्षं एका छपराखाली संसार केलेल्या जोडीदारावर घर सोडायची पाळी येऊ शकते, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

असं वाटणारा श्रद्धावंत चर्चबाहेरचा ठरत नाही. लग्न हा साक्रामेंत आहे, चर्चला तो बदलता येणार नाही, असं पोप फ्रान्सिस २०२१मध्ये म्हणाले. त्याच बोलण्यात वारसा आणि आरोग्यसेवा यांसाठी अशा जोडप्यांना नागरी कायद्याचा आधार देता येईल, असंही म्हणाले. त्यांची भूमिका मराठीत एका वाक्यात मांडायची, तर ‘साक्रामेंताला नकार, नागरी संरक्षणाला होकार’ असं लिहा.