एनसी, एफआयआर आणि 'अदखलपात्र'मधली दखल

प्रश्न असा आहे: मारहाणीची तक्रार द्यायला गेलेल्याला ठाण्यात 'एनसी (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र नोंद) घेतली' म्हणून एक कागद मिळाला. ही एफआयआरच (प्रथम खबरी अहवाल) का? आणि कागदावरचं 'अदखलपात्र' म्हणजे पोलिसांनी दखलच घेतली नाही असं का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच. 'दखल' अरबीतून आला. मूळ अर्थ प्रवेश, त्यावरून हस्तक्षेप. 'दखलगिरी'त तो अजून शाबूत आहे. उर्दू कायदेभाषेत दखलपात्र गुन्ह्यांना 'काबिल-ए-दस्तअंदाजी' म्हणतात, म्हणजे पोलिसांना हात घालता येईल असे. 'दखलपात्र'ही तसंच वाचावं. त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक आणि कुणाला न विचारता तपास करू शकतात. अदखलपात्रात नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७४). म्हणून एनसीची प्रत जपून ठेवली तरी पुढे काही हलत नाही. आदेश मागावा लागतो किंवा कलम २२३ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद द्यावी लागते. संहितेच्या हिशेबाने फिर्याद ही तिथलीच गोष्ट, ठाण्यात दिली जाते ती खबर. बोलण्यात मात्र ठाण्यातही 'फिर्याद' आणि 'फिर्यादी'च चालतं, आणि त्यात काही बिघडत नाही.

बिघडतं ते जबाबाच्या मजकुरात. सांगणारा म्हणतो, 'लोखंडी गजाने मारलं, दात पडला.' कागदावर उतरतं, 'शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' दुसऱ्या वाक्यावर भारतीय न्याय संहितेची ११५(२) आणि ३५२ ही कलमं लागतात, दोन्ही अदखलपात्र. पहिल्यात पडलेला दात कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतीत मोडतो आणि गजामुळे ११८ येतं, दोन्ही दखलपात्र. अनेक कलमांपैकी एक जरी दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. तेव्हा सही करण्याआधी हत्यार आणि जखम हे दोन शब्द शोधावेत. गळले असतील तर सही न करता दुरुस्ती करून घ्यावी. नंतर लक्षात आलं तर वैद्यकीय दाखल्यासह पुरवणी जबाब द्यावा.

'गहाळ'चंही तेच. मोबाईल खिशातून मारला गेला असेल तर 'गहाळ' लिहू देऊ नये. गहाळ वस्तूला चोर नसतो, मग तपास कुणाचा करणार?

हातातला कागद ओळखायचा तो क्रमांकावरून. 'गु.र.नं.' (गुन्हा रजिस्टर नंबर) असेल तर एफआयआर, एन.सी. क्रमांक असेल तर अदखलपात्र नोंद, आणि अर्जावर नुसता पोचेचा शिक्का असेल तर यांतलं काहीच नाही. 'अर्ज चौकशीवर आहे' हे उत्तर ओळखपाळख नसलेल्यालाच जास्त ऐकावं लागतं. कायदा मात्र माणूस बघत नाही. खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, एवढी सवलत आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र अशा चौकशीची गरज नाही (कलम १८अ). 'आमची हद्द नाही' हेही चालत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून प्रकरण पुढे पाठवायचं असतं. एफआयआरची प्रत फुकट.

नोंद नाकारली तर खबरीचा सारांश लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा. आयुक्तालयात तो उपायुक्तांकडे जातो. टपालाची पावती टाकू नये. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो, आणि त्यात अधीक्षकांकडे आधी दाद मागितल्याचा पुरावा म्हणून तीच पावती जोडायची असते.